दुरुस्ती कोणाची, हुकूम कोणाचा?

मराठीत 'दुरुस्ती' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कोपऱ्यावरचा सायकलवाला सायकलची दुरुस्ती करतो आणि संसद घटनेत दुरुस्ती करते. पहिल्या दुरुस्तीत बिघडलेली वस्तू पूर्ववत होते, दुसरीत आधीचा नियमच बदलतो. पहिलीला कोणाची हरकत नसते. दुसरीला मात्र चर्चा लागते, मतदान लागते, निदान 'नियम बदलला बरं का' असे सांगावे तरी लागते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला अधूनमधून जी 'अपडेट्स' येतात त्यांच्याविषयी माझे भांडण नेमके इथे आहे. पाटी लावायची पहिल्या दुरुस्तीची, आणि दाराआड उरकायची दुसरी!

मंडळी, आता तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, जन्मभर व्याकरण आणि इतिहास शिकवलेल्या निवृत्त मास्तराला प्रोसेसरच्या भानगडीत पडायचे काय कारण? कारण आमचा जळगावचा पुतण्या. हा मुलगा सुटे भाग जमवून संगणक बांधतो, आणि सुट्टीत आमच्याकडे आला की मला शिकवतो. चाळीस वर्षे शिकवल्यावर शिकण्यात फार मौज आहे. शिवाय या विषयात शिरलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न तंत्राचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. मालकी, हक्क, फर्मान, हे तर इतिहासाच्या मास्तराचे घरचेच विषय!

ज्या नातेवाईकांना 'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर एका ठरावीक ठोक्यावर चालतो. एक पायाभूत ठोका असतो आणि त्याला एका आकड्याने गुणले की प्रोसेसरचा वेग निघतो. पायाभूत ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३२ असेल तर वेग ३.२ गिगाहर्ट्झ. कारखाना सगळ्या चिपांना झेपेल असा वेग ठरवून देतो, पण पुष्कळ चिपांच्या अंगात त्याहून जास्त धमक असते. ती वापरण्यासाठी ठोका किंवा गुणक वाढवायचा, लागल्यास व्होल्टेज थोडे चढवायचे, वर चांगला पंखा बसवायचा. याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. धोका आहेच. चिप तापते, फार ताणली तर लवकर जाते. पण जाते ती मालकाची चिप, शेजाऱ्याची नव्हे.

या छंदाला इतिहास आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. ६६ चा ठोका, साडेचारचा गुणक, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी ठोका १०० केला आणि त्यातल्या कित्येक चिपा बिनतक्रार ४५० वर धावू लागल्या. म्हणजे महागड्या प्रोसेसरचा वेग स्वस्तातल्या प्रोसेसरमध्ये! २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन प्रोसेसरांवर याहून गमतीचा प्रकार झाला. गुणकाला लावलेले कुलूप म्हणजे चिपेच्या पाठीवरचे काही तुटक बारीक पूल होते. ते जोडले की कुलूप उघडे. आणि ते जोडायचे कशाने? साध्या शिसपेन्सिलीने! पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते हे आपण सगळे शाळेत शिकलो, पण त्याचा असा उपयोग करणारा विद्यार्थी मला वर्गात भेटला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

कंपन्यांनी कुलपे लावली त्यामागे एक खरे कारणही होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या चिपेवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापत आणि जास्त भावाने विकत. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबायलाच हवी होती. पण पुढे त्याच कुलपाचे दुकान झाले. इंटेलच्या २०११ च्या पिढीपासून नावात 'के' अक्षर असलेला, थोडे जास्त पैसे मोजून घ्यायचा प्रोसेसर असेल तरच गुणक मनासारखा वाढवता येई, आणि त्यासाठी मदरबोर्डही वरच्या दर्जाचाच लागे. २०१० मध्ये तर इंटेलने एक पेन्टियम असा विकला की त्याच्या आतलेच काही भाग बंद ठेवलेले होते. दुकानातून ५० डॉलरचे कार्ड आणायचे, त्यावरचा क्रमांक घालायचा, की आपल्याच चिपेतले आपलेच भाग जागे होणार! लोकांनी इतकी नावे ठेवली की ती योजना पुढच्याच वर्षी गुंडाळावी लागली.

इथवरचे मी एक वेळ सोसतो. विकणाऱ्याने विकतानाच अटी सांगितल्या, आपण त्या वाचून घेतले किंवा सोडून दिले. सौदा उघड्यावर झाला. माझा खरा राग आहे तो सौदा झाल्यानंतर, वस्तू घरात आल्यानंतर, अपडेटच्या वाटेने येणाऱ्या कुलपावर.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण म्हणजे पेन्टियम जी३२५८. पेन्टियम या नावाला वीस वर्षे झाली म्हणून इंटेलने २०१४ च्या मध्यावर हा वर्धापनदिनाचा खास प्रोसेसर काढला. दोनच कोअर, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, किंमत ७२ डॉलर, आणि गुणक मुद्दाम मोकळा. म्हणजे कंपनीनेच 'घ्या, हौस भागवा' म्हणून दिलेली वस्तू. कॉलेजातली, कमी पैशातली मुले तिच्यावर तुटून पडली आणि पुष्कळांनी तो चारच्या पुढे पळवला. अट एकच होती, की ही हौस 'झेड' वर्गातल्या महाग मदरबोर्डांवरच भागवायची. पण मदरबोर्ड कंपन्यांनी बायोस बदलून एच८१, बी८५ अशा स्वस्त बोर्डांवरही ती सोय खुली केली होती. पेट्यांवर जाहिरात करून, राजरोस.

मग आले २०१५. त्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी इंटेलच्या 'मायक्रोकोड'चे एक अपडेट दिले, केबी३०६४२०९ या क्रमांकाचे. जुलैअखेर विंडोज १० आले, त्याच्याही पोटात नवा मायक्रोकोड होता. आणि स्वस्त बोर्डावर हा पेन्टियम पळवणाऱ्या लोकांचे संगणक अपडेटनंतर सुरू होता होता मध्येच अडकून पडू लागले. विंडोज १० चढवताना कोणी एक कोअर बंद करून वेळ मारून नेली, कोणी वेग मूळपदावर आणला. शेवटी लोकांनीच उपाय शोधला: विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरातली 'एमसीअपडेट_जेन्युइनइंटेल' नावाची फाईल काढायची किंवा तिचे नाव बदलायचे, की संगणक पुन्हा सुरळीत!

हा मायक्रोकोड काय असतो ते समजून घेणे गरजेचे आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. प्रोसेसरला आज्ञा कशा पाळायच्या हे सांगणारा, त्याच्या आतला हा बारीक मजकूर. कारखान्यातून एक प्रत येतेच, पण नंतर सापडलेल्या चुका सुधारण्यासाठी तिच्यावर नवी प्रत चढवता येते. ही नवी प्रत चिपेत कायमची राहत नाही. वीज गेली की पुसली जाते, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम ती पुन्हा चढवते. शाळेतल्या फळ्यासारखे समजा. रोज संध्याकाळी पुसला जातो, रोज सकाळी सुविचार नव्याने लिहावा लागतो. तेव्हा प्रश्न असा, की फळ्यावर काय लिहायचे हे रोज सकाळी कोण ठरवतो? पेन्टियमच्या बाबतीत बायोसने एक लिहिले होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ते पुसून दुसरे लिहिले. घरमालकाला कोणी विचारले? कोणीच नाही.

हे मुद्दाम केले की अनवधानाने झाले, हा वाद मी बाजूला ठेवतो. माझा मुद्दा हेतूवर उभाच नाही. काल जे यंत्र मालकाच्या इच्छेप्रमाणे चालत होते ते आज चालत नाही, त्याचे कारण त्याला सांगितलेले नाही, आणि मागे फिरायची अधिकृत वाटही दिलेली नाही. एवढे पुरेसे आहे. फायलीचे नाव बदलून सुटका करून घ्यावी लागते, म्हणजे मालकाला स्वतःच्याच घरात खिडकीतून शिरावे लागते!

पुढच्याच वर्षी, २०१६ च्या आरंभी, याची दुसरी आवृत्ती निघाली. इंटेलच्या स्कायलेक पिढीतल्या 'के' नसलेल्या प्रोसेसरांचाही पायाभूत ठोका वाढवण्याची युक्ती मदरबोर्ड कंपन्यांना सापडली होती आणि एएसरॉकने तर तिला खास नाव देऊन जाहिरात केली होती. दोनेक महिन्यांत नव्या मायक्रोकोडने ते दार लागले आणि बायोसमधून सोय नाहीशी झाली.

वेग वाढवणे ही चैन आहे, तिच्यासाठी कशाला एवढे रडायचे, असे कोणी म्हणेल. म्हणून आता उलट्या दिशेचे उदाहरण घेतो. त्याच कुलपाने काटकसरीलाही कोंडले आहे. त्या प्रकाराला 'अंडरव्होल्टिंग' म्हणतात. वेग तोच ठेवायचा आणि व्होल्टेज जरासे उतरवायचे. कारखाना सगळ्यात अशक्त चिपेचा विचार करून व्होल्टेज ठरवतो, त्यामुळे बहुतेक चिपांना थोडे कमी चालते. आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे थोड्या उतरवण्यानेही उष्णता चांगलीच घटते. जळगावचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे, लॅपटॉप आतून नव्वदच्या वर, आणि तापला की प्रोसेसर आपणहून वेग पाडतो. आमच्या पुतण्याने आपल्या लॅपटॉपचे व्होल्टेज असे बेताने उतरवून ठेवले होते. पंख्याची घरघर थांबली होती, काम सुरळीत चालले होते. एके रात्री अपडेट आले, त्याच्या पाठोपाठ लॅपटॉप कंपनीचे नवे बायोसही उतरले (हल्ली बायोसही अपडेटच्याच वाटेने येते), आणि सकाळी व्होल्टेजची कळ मुकी! कंपनीच्या मदतकेंद्राला त्याने विचारले, तर उत्तर आले, 'सुरक्षेसाठी बदल केला आहे. जुने बायोस घालता येणार नाही.' मला म्हणाला, "काका, मी वेग वाढवला नव्हता हो, ताप कमी केला होता. त्याचीही शिक्षा?"

यामागची हकीकत अशी. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्यूव्हन आणि ग्राझ इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा दोष जाहीर केला. इंटेलच्या प्रोसेसरांत एसजीएक्स नावाची एक बंदिस्त तिजोरी होती. व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढले तर तिच्यातल्या गणितात चूक घडवता येते आणि गुपित बाहेर काढता येते, असे त्यांनी दाखवून दिले. शोध खरा, दोष खरा, त्यांच्या बुद्धीला नमस्कार. उपाय म्हणून सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज बदलण्याची वाटच बंद करायची सोय आली, आणि अनेक लॅपटॉप कंपन्यांनी ती सरसकट सगळ्यांना लावली. पण संशोधकांनीच सांगून ठेवले होते की जो एसजीएक्स वापरत नाही त्याला काहीही करायची गरज नाही! घरगुती वापरात एसजीएक्सचे ठळक काम कोणते, तर फोर-के ब्ल्यू-रे चकत्या चालवणे. किती घरांत ते होत असेल? वर्गात एकाने खडू फेकला म्हणून पन्नास जणांना अंगठे धरून उभे करायचा हा प्रकार. मी मास्तर असताना असे करणाऱ्यांशी भांडत असे, आजही भांडतो. आणि कडी म्हणजे, इंटेलने पुढे अकराव्या आणि बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्सच काढून टाकले. तिजोरी गेली, पहारेकरी मात्र दारावर तसाच उभा!

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. सगळ्यात वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. व्होल्टेज, ठोका, पंखे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोसेसरच्या अगदी गाभ्यापर्यंत पोचावे लागते. त्याच वाटेने चोरही शिरतो. एमएसआय आफ्टरबर्नर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरमधली फट वापरून खंडणीखोर टोळीने विषाणूप्रतिबंधक यंत्रणा बंद पाडल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. विनरिंग० या ड्रायव्हरवर अशाच कारणाने मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर ओरडू लागला आणि पंख्याचा वेग सांभाळणारी साधी सॉफ्टवेअरेही त्या तडाख्यात सापडली. तेव्हा फट बुजवू नका असे मी म्हणत नाही. फट बुजवताना खिडकीच भिंतीत चिणू नका, एवढेच म्हणतो.

दुसरा मुद्दा हमीचा. 'लोक चिपा जाळतील आणि बदलून मागतील.' याला उत्तर सोपे आहे. हमी नाकारा. कंपन्या ओव्हरक्लॉकिंगपायी झालेले नुकसान हमीबाहेर ठेवतातच. जो ताणेल तो भोगेल, हा सौदा आम्हाला मान्य आहे. एस.टी.ला वेगनियंत्रक बसवतात ते योग्यच, कारण तिच्या वेगाने रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव जातो. माझ्या टेबलावरचा प्रोसेसर कोणाच्या अंगावर जाणार आहे?

तिसरा मुद्दा, 'कारखान्याला जास्त कळते.' एरवी मीही मान डोलावली असती. पण इंटेलच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काय झाले ते आठवा. ज्यांनी काहीही छेडछाड केली नव्हती अशा लोकांचेही प्रोसेसर कोसळू लागले. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड निघाला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, अपडेट ही फार उपकारक गोष्ट असू शकते. ते अपडेट ज्यांनी घेतले त्यांनी शहाणपणा केला. आणि दुसरी, 'व्होल्टेजला हात लावू नका, ते आमचे काम' म्हणणाऱ्यांचाही हात चुकतो. मग मालकाचा हात बांधून ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणत्या न्यायाने मिळतो?

'हे सगळे करता येणे अवघड आहे' असेही ऐकवले जाते. अजिबात नाही. लिनक्समध्ये संगणक सुरू होतानाच एक शब्द लिहून मायक्रोकोड चढवू नकोस असे सांगता येते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरवरच्या उपायामुळे कित्येक संगणक आपोआप बंद-चालू होऊ लागले, तेव्हा इंटेलनेच तो मायक्रोकोड वाटणे थांबवा म्हणून सांगितले आणि मायक्रोसॉफ्टने त्या महिनाअखेर ती उपाययोजना बंद करणारे वेगळे अपडेट काढले. म्हणजे नाचक्की त्यांची होते तेव्हा मागे फिरायची वाट चार दिवसांत सापडते! विंडोज ११ मध्ये सुरक्षेची जी व्यवस्था नव्या संगणकांवर मुळातच चालू असते, तिच्यामुळे इंटेलचे स्वतःचे एक्सटीयू सॉफ्टवेअरसुद्धा कित्येक प्रोसेसरांवर व्होल्टेज बदलू देत नाही. पण निदान तिची कळ सेटिंगमध्ये दिसते, धोका पत्करून ती बंद करता येते. हेच मी मागतो आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. सुरक्षेची दुरुस्ती आणि वेगाचे कुलूप एका पुडीत बांधू नका. ज्या अपडेटने यंत्राची एखादी शक्ती कमी होणार असेल, ते पहिल्याच ओळीत साध्या भाषेत लिहा. 'विश्वासार्हता वाढवली' हे उत्तर नव्हे, ती पळवाट आहे. आणि परतीची वाट ठेवा, हवी तर 'जबाबदारी तुमची' असे लाल अक्षरांत लिहून. विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीला २०१९ मध्ये अपडेट ३५ दिवस थांबवायची मुभा मिळाली, तिचे कौतुक झाले. पण तहकूब करणे वेगळे आणि नकार देणे वेगळे. नकाराचा अधिकार नसेल तर संमती या शब्दाला अर्थ उरत नाही.

राहता राहिला शेवटचा टोमणा, की असले उद्योग करणारे असतात किती? थोडेच असतात, मान्य. पण पेन्सिलीने पूल जोडणाऱ्या त्या थोड्या पोरांतूनच यंत्र समजून घेणारे तयार होतात. बाकीचे आपण सगळे नुसते वापरणारे. ज्या पिढीला यंत्राचे झाकण उघडू दिले जात नाही, तिच्याकडून पुढे नवे यंत्र बनवण्याची अपेक्षा कशी करायची?

असो. नातेवाईकांसाठी एक सूचना, नाहीतर माझे नाव सांगून कोणी अपडेट्स बंद करून बसेल. तसे मुळीच करू नका. चोर खरे आहेत, सुरक्षेची अपडेट्स घेत चला. ज्यांच्या मुलांना हा छंद आहे त्यांनी एवढे करावे: मोठे अपडेट यायच्या आधी वेग आणि व्होल्टेज मूळपदावर आणावे, आपले आकडे कागदावर (हो, कागदावरच!) उतरवून ठेवावेत, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे करावी, आणि नवे बायोस 'परत फिरवता येणार नाही' असे म्हणत असेल तर ते का आले हे वाचल्याशिवाय हो म्हणू नये.

ब्लॉगर मंडळींपैकी ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. विशेषतः कोणी या क्षेत्रात नोकरीला असेल तर त्याने मला समजावून सांगावे, की फट बुजवणारे आणि कुलूप लावणारे अपडेट वेगवेगळे का काढता येत नाही. वाद घालायला मी तयार आहे. वेळ भरपूर आहे आणि माझा संगणक, निदान आज सकाळपर्यंत तरी, सुरू होतो आहे.